रुमालाखालची पाच बोटं

संशय घेण्याचा मला पगार मिळत होता. वीजकेंद्राच्या प्रयोगशाळेत मी बत्तीस वर्षं कोळसा तपासला. आलेल्या कोळशात दगड किती, पाणी किती, जळाल्यावर राख किती उरेल, हे बघायचं आणि कागदावर लिहायचं. वरचा थर कितीही चकचकीत दिसला तरी हात खाली घालायचा, एवढंच खरं शिक्षण. निवृत्त होऊन दीपनगरची कॉलनी सोडली, जळगावला घर केलं, पण सवय काही सुटली नाही. बायको म्हणते, "तुम्ही देवळातल्या शिऱ्याचासुद्धा आधी वास घेऊन बघता." खरं आहे. दोनदा शिरा खवट निघालेला मी पकडला आहे, त्याचं मात्र कोणी नाव काढत नाही.

जळगावात आमची बैठक बसायची ती एका मेडिकल दुकानाच्या मागच्या बाजूला. सलाईनच्या रिकाम्या खोक्यांच्या शेजारी एक लांब बाक होता. दुकानाचा मालक, एक निवृत्त गुरुजी, नाना आणि मी, असे चौघं. सकाळी सव्वानऊला शेअर बाजार उघडायचा आणि चौघांच्या माना फोनवर जायच्या. कोण किती पैसे लावून बसलाय हे आम्ही एकमेकांना कधी विचारलं नाही. जळगावात माणूस आजार सांगेल, पण हे सांगणार नाही.

नाना आमच्यात सगळ्यात मोठे. धुळ्याकडचे, बोली अस्सल अहिराणी. सगळा जन्म बैलबाजारात दलाली करण्यात गेला. बैलाच्या पाठीवरून नुसता हात फिरवून ते त्याचं वय सांगायचे. बाजार सोडला तेव्हा त्यांनी गावाकडचं गुरांचं खळं विकलं आणि ते पैसे तसेच ठेवले होते. कशासाठी, ते आम्हा तिघांना माहीत होतं. त्यांची मुलगी धुळ्यात देवपूरला पाळणाघर चालवते. नवऱ्यापासून वेगळी झाल्यावर तिनं ते सुरू केलं. भाड्याच्या जागेत अकरा महिने झाले की मालक उठवायचा, ती पाळणे-खेळणी टेम्पोत घालून दुसरीकडे न्यायची, आणि प्रत्येक वेळी निम्मी मुलं गळायची. आयांना जवळचं पाळणाघर लागतं. तिला स्वतःच्या दोन खोल्या घेऊन द्यायच्या, एवढं एकच काम नानांनी स्वतःसाठी शिल्लक ठेवलं होतं. खळ्याचे पैसे त्याला थोडे कमी पडत होते.

त्या कंपनीचं नाव पहिल्यांदा गुरुजींनी काढलं. ॲडव्हान्स्ड मटेरियल बनवणारी कंपनी, असं ते म्हणाले, आणि हे शब्द त्यांनी इतक्या आदरानं उच्चारले की मला तिथेच वास आला. कार्बनच्या धाग्यांचं काळं कापड, लोखंडापेक्षा दणकट आणि वजनाला पिसासारखं. विमानाला लागतं, पवनचक्कीच्या पात्यांना लागतं. शिवाय कंपनीचं एक युनिट आपल्या धुळ्यातच, एमआयडीसीत. साक्रीकडे एवढ्या पवनचक्क्या फिरतात, त्यांना पाती कोण पुरवणार? गुरुजींचा तर्क चुकत नव्हता. चकचकीत अहवालात धुळ्याच्या युनिटचा फोटोही होता, पांढऱ्या कपड्यांतली माणसं काळ्या कापडावर वाकलेली.

नानांनी माझ्याकडे बघितलं. "तू कोळसावाला शेस भाऊ, तू सांग. आशी काही चीज ऱ्हास का?"

मी म्हणालो, असते. कार्बनचा धागा खरा आहे, त्याचं कापड होतं, ते महाग असतं. यात मी काही खोटं सांगितलं नाही. पण मला विचारलं होतं ते वस्तूबद्दल, आणि नानांनी ऐकलं ते कंपनीबद्दल. ते माझ्या लक्षात आलं होतं. मी दुरुस्त केलं नाही, कारण आपल्याला कोणीतरी जाणकार समजतंय हे मला आवडलं होतं. मग चौघांनी तिचे शेअर घेतले.

काही महिने भाव चढत गेला. मेडिकलवाला बाकावर पाय वर घेऊन बसायला लागला. गुरुजी 'आपली कंपनी' म्हणायला लागले. नानांना खोल्यांपुरता भाव मिळत होता, पण खोल्यांचा मालक पुण्याला मुलाकडे गेला होता आणि आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, येऊन कागद करणार होता. नाना म्हणाले, आखाजी झाल्यावरच विकू, सणाआधी घरातलं काही बाहेर काढायचं नाही. हे त्यांचं बैलांच्या बाबतीतलं जुनं पथ्य होतं. पाडव्याच्या आधी खुंट्यावरचा बैल नाही, आखाजीच्या आधी घरातला दागिना नाही. त्यांनी ते शेअरलाही लावलं.

त्यानंतर भाव एका जागी थांबला. चढेना, उतरेना. गुरुजी म्हणाले, "कोणीतरी विकतंय." ते सहज बोलले असतील, पण त्या दिवसापासून बाक बिघडला. मेडिकलवाला फोन उपडा ठेवायला लागला. मी शेजारी बसलो की त्याचा अंगठा थांबायचा. गुरुजी दर दोन दिवसांनी मला गोड आवाजात विचारायचे, "तुम्ही तर ठेवलेच असतील ना?" जो स्वतः ठेवून बसलेला असतो तो असं विचारत नाही, असं मला वाटायचं. मी घरी येऊन त्या दोघांच्या चेहऱ्यांची तपासणी करत बसायचो. झोप लागेना. शेवटी मी ठरवलं, माणसांचं जाऊ दे, आपण मालच बघून येऊ.

एका गुरुवारी मी धुळ्याची एसटी पकडली. बाकावर सांगितलं की नातेवाइकाकडे जातोय. नानांना धुळे म्हटल्यावर राहवेना. त्यांनी स्टँडवर येऊन मुलीसाठी पिशवी दिली, ज्वारीच्या बिबड्या आणि कळण्याचं पीठ. नाही म्हणायला माझ्याकडे कारण नव्हतं.

एमआयडीसीत रिक्षावाल्याला तो प्लॉट सापडायला वेळ लागला. पाटी नवी, रंग ताजा, फाटकाला कुलूप. आत पत्र्याची मोठी शेड. वॉचमन एकटा, भला माणूस. मी पाणी मागितलं, त्यानं माठातलं दिलं. माल आत्ताच गेलाय, साहेब सोमवारी येतात, असं काहीबाही तो सांगत राहिला आणि मी जमीन बघत राहिलो. फाटकापाशी पिवळी माती होती. तिच्यावर गाडीच्या चाकाचा एकही माग नव्हता. शेडच्या खिडकीच्या कडेवरून मी बोट फिरवलं, ते पिवळं निघालं. आणि दोरीवर वॉचमनची बनियन वाळत होती, शुभ्र. जिथे कार्बन कापतात तिथे कितीही झाकपाक केली तरी काळं बाहेर येतंच. माझ्या शर्टांच्या कॉलरी बायकोनं बत्तीस वर्षं घासल्या आहेत. ती बनियन बघितली आणि मला कळलं, इथे काही बनत नाही.

खरं सांगतो, मला आनंद झाला. आपण बरोबर होतो याचा आनंद.

पिशवी द्यायला देवपूरला गेलो. नानांच्या मुलीनं जेवल्याशिवाय सोडलं नाही. दुपारची वेळ, आतल्या खोलीत सात-आठ पोरं झोपलेली, म्हणून आम्ही दबक्या आवाजात बोलत होतो. शेवभाजी केली होती, चांगली झणझणीत. वाढता वाढता ती म्हणाली, "काका, ती जागा बघायची का? इथून चार घरं सोडून आहे. एकही मूल गळणार नाही." जेवणानंतर तिनं मला बाहेरूनच दाखवली. दोन खोल्या, पुढे थोडं अंगण, अंगणात कडुलिंबाचं झाड. झाडाला दोरी बांधून पाळणा कुठे टांगणार हेही तिनं ठरवून ठेवलं होतं. "नाना म्हणतात, तुमच्या सांगण्यावरून घेतले ते शेअर," ती म्हणाली, आणि हसली. मी हं म्हणालो. परतीच्या एसटीत मी पारोळ्यापर्यंत त्या हसण्याचा विचार करत होतो. पारोळ्याच्या पुढे मात्र हिशोब सुरू झाला.

तो असा. ही लहान कंपनी. रोज घेणारे थोडे. मी बाकावर जाऊन सांगितलं की तिथे काही बनत नाही, तर गुरुजी आणि मेडिकलवाला त्याच मिनिटाला विकायला काढणार, त्यांच्या भाच्या-मेव्हण्यांना सांगणार, आणि माझे तसेच राहणार. शिवाय ते दोघं आतून विकतच असतील, मग त्यांची काळजी मी कशाला करू? आधी आपले काढू, मग सांगू. एका दिवसाचा तर प्रश्न.

माझ्या शेअरचे पाच हिस्से धरले, तर शुक्रवारी दिवसभरात त्यांतले तीन गेले. दोन राहिले आणि बाजार बंद झाला. पुढे शनिवार-रविवार.

शनिवारी बाजार नसल्यामुळे आम्ही बाकावर निवांत होतो, आणि निवांतपणी भांडण झालं. गुरुजी म्हणाले, काल बराच माल विकला गेलाय, आपल्यापैकी कोणी असेल तर सांगून टाका. मेडिकलवाला उसळला. गुरुजी म्हणाले, मग फोन दाखवा. तो म्हणाला, "माझा फोन मी बायकोला दाखवत नाही, तुम्हाला दाखवू?" मी मध्ये पडून दोघांना शांत करत होतो. मीच.

तेव्हा नानांनी खांद्यावरचा रुमाल काढला. मोठा पांढरा उपरण्यासारखा रुमाल ते कायम बाळगायचे. "फोनबिन ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले, "हात द्या."

बैलबाजारात सौदा बोलून होत नाही. चारचौघांत भाव फुटू नये म्हणून दलाल रुमाल टाकतो आणि त्याच्याखाली बोटं धरून आकडा सांगतो. नानांनी तीच रीत आम्हाला लावली. सगळा माल हातात असेल त्यानं पाच बोटं द्यायची. जेवढे हिस्से विकले तेवढी बोटं मिटायची. कोणी किती दिली ते नानांच्या पोटात राहणार. ते फक्त एवढंच सांगणार, माल जागेवर आहे की हलला. "बैलबजारमा मन्हं आयुष्य गयं," ते म्हणाले. "रुमालखाल कोनी लबाड बोलत नही."

आधी गुरुजींचा हात घेतला, मग मेडिकलवाल्याचा. दोघांचे चेहरे मी डोळे बारीक करून बघत होतो. मग रुमाल माझ्या हातावर आला. नानांचा तळवा दोरखंड ओढून ओढून टणक झालेला, पण धरायची पद्धत फार हलकी. अंगठा, मग एकेक बोट, पेराला धरून पुढे जायचं. मी दोन बोटं द्यायला हवी होती. दोन दिली असती तर नाना उठून म्हणाले असते, माल हलला आहे, आणि सोमवारी सकाळी त्यांनी स्वतःचे विकले असते, आखाजी असो की नसो. हे मला तेव्हाच, रुमालाखाली असतानाच, अगदी स्वच्छ समजलं होतं. आणि माझे दोन हिस्से अडकले असते, हेही समजलं होतं.

मी पाच दिली.

नानांनी करंगळी सोडली, रुमाल झटकला आणि मोकळेपणानं म्हणाले, "बठ्ठा माल जागावर शे. चहा सांगा आते." गुरुजींनी मेडिकलवाल्याच्या पाठीवर थाप मारली. मला त्या वेळी लाज वाटली नाही. मला वाटलं, या दोघांपैकी एकानं नक्की लबाडी केली आहे, मग मीच काय वेगळं केलं.

सोमवारी दुपारपर्यंत माझे उरलेले गेले. संध्याकाळी बायकोला सांगितलं. तिला कंपनीचं काही कळत नव्हतं, पण मी बिनघोर जेवतोय हे कळलं. भाकरी वाढताना तिनं विचारलं, "आणि नानांचे?" मी म्हणालो, उद्या सांगतो. ती म्हणाली, फोन करा की. मी फोन हातात घेतला. काय सांगायचं? तुम्हाला केव्हा कळलं, असं नाना विचारतील. समोरासमोर बोललेलं बरं, असं म्हणून मी फोन ठेवून दिला. बायको ताट उचलून घेऊन गेली.

मंगळवारी सकाळी बाजार उघडला तेव्हा बातमी आलेलीच होती. कंपनीचे हिशोब तपासणारा ऑडिटर राजीनामा देऊन मोकळा झाला होता. पहिल्या मिनिटाला शेअरला लोअर सर्किट लागलं. म्हणजे विकणारे सगळे, घेणारा कोणीच नाही, भाव दिवसाच्या तळाला जाऊन गोठलेला. दुसऱ्या दिवशी त्याच्या खालचा तळ. तिसऱ्या दिवशी आणखी खाली. नाना रोज विकायला लावायचे आणि संध्याकाळी ते तसेच परत यायचे. ते चिडले नाहीत. फक्त दर थोड्या वेळानं गुरुजींना विचारायचे, "कोनी लिन्हात का?" कोणी घेतले का? गुरुजी मान हलवायचे.

त्या दिवसांत एक गोष्ट बाहेर आली. मेडिकलवाल्यानं डोकं धरून कबूल केलं, की तो फोन उपडा ठेवायचा कारण तो आणखी घेत होता. शुक्रवारीही घेतले, सोमवारीही. हावरट म्हणतील म्हणून लपवत होता. माझे शेअर कदाचित त्यानंच घेतले असतील, हे मला कधीच कळणार नाही. गुरुजींचेही शेवटपर्यंत जसेच्या तसे होते. म्हणजे त्या शनिवारी रुमालाखाली लबाडी एकानंच केली होती.

आणि माझा कोणाला संशय आला नाही. रुमालानंतरही संशय घेणारा बाकावर मी एकटाच होतो. मेडिकलवाला मला चहा पाजायचा, धीर धरा म्हणायचा. नाना माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणायचे, "जाऊ दे भाऊ. तुनं बी गयं, मन्हं बी गयं." मी तो हात गुडघ्यावर राहू द्यायचो. इतका नीच मी आयुष्यात कधी वागलो नाही.

खोल्या आखाजीनंतर दुसऱ्याच कोणी घेतल्या. मुलीला पुन्हा भाड्याची जागा बदलावी लागली आणि नाना तिला मदत करायला धुळ्याला गेले. तीन आठवडे मी बाकावर गेलो नाही. बायको रोज एकदा विचारायची, "जाऊन आलात का?" एवढंच. मग एके दिवशी मी चेकबुक खिशात घातलं आणि एसटीत बसलो.

नवी जागा गल्लीच्या टोकाला, वरच्या मजल्यावर होती. पाळण्याचे सांगाडे अजून जिन्यातच उभे होते. नाना बाहेर गॅलरीत बसून एका पाळण्याची सुतळी आवळत होते. मला बघून त्यांचा चेहरा फुलला. "ये भाऊ, ये." आतून मुलगी म्हणाली, "काका आले? बसा हं, भाकरी टाकते."

मी बसलो. मग मीच त्यांच्या खांद्यावरचा रुमाल ओढला, आमच्या दोघांच्या हातांवर टाकला आणि मिटलेली मूठ त्यांच्या तळव्यात ठेवली.

नानांना आधी गंमत वाटली. त्यांनी बोट शोधलं. अंगठा शोधला. मग मूठ नुसती धरून ठेवली.

"कव्हय?" त्यांनी विचारलं. केव्हा.

"तीन शुक्रवारी. दोन सोमवारी."

"रुमाल तं शनवारले व्हता."

"हो."

"आनि धुळाले तू बेस्तरवारले उना व्हता."

"गुरुवारी. हो. फॅक्टरी बघायला गेलो होतो. तिथे काही नव्हतं."

आत तव्याचा आवाज येत होता. मग ते हळूच म्हणाले, "तू तिना घर जेवना व्हता." त्याच दिवशी तू तिच्याकडे जेवला होतास.

मी खिशातून चेकबुक काढलं. म्हणालो, नाना, जे मिळालं ते सगळं घ्या, दुसरी जागा बघू. त्यांनी चेकबुकाकडे बघितलं नाही. माझी मूठ सोडली, रुमाल उचलला, आणि नेहमीसारखा झटकून खांद्यावर न टाकता घडी घालून मांडीखाली ठेवला.

मुलगी ताट घेऊन दारात आली. शेवभाजी होती, भाकरी होती, कांदा चिरलेला होता. "काका, आत या ना, इथं ऊन येतं."

नानांच्या दारातून मी कधी कोणाला उपाशी गेलेलं बघितलं नाही. टपालवाल्यालासुद्धा ते हाताला धरून बसवायचे. त्यांनी सुतळी पुन्हा हातात घेतली आणि मान वर न करता मुलीला म्हणाले, "भाऊ आज जेवाव नहीत. त्यास्ले घाई शे."

इतक्या वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदाच अहो-जाहो केलं होतं. मुलीनं माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, हो, घाई आहे. चपला घातल्या आणि त्या पाळण्यांच्या सांगाड्यांमधून वाट काढत जिना उतरलो. धुळे स्टँडवर जळगावची गाडी लागलेली होती. ती मी सोडली, त्यानंतरचीही सोडली, आणि दिवस मावळेपर्यंत बाकड्यावर बसून राहिलो. मला कसलीही घाई नव्हती.